किनाऱ्याची मिती

इतिहासाच्या अभ्यासकास पहिला धडा मिळतो तो मितीचा. हाती आलेला कागद कितीही जुना असो, त्यावरचा शिक्का कितीही अस्सल असो. मिती नसेल तर तो कागद अर्धा मुका असतो. अक्षराचे वळण, मायना, उल्लेखिलेली माणसे यांवरून त्याचा काळ ठरवावा लागतो, आणि तो ठरेपर्यंत त्याची साक्ष राखून ठेवावी लागते. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून हा दंडक आपल्याकडे इतका रुजला आहे की, मितीवाचून कागद पुढे करणाऱ्याकडे आपण संशयाने पाहतो.

आज ज्या कागदाविषयी लिहावयाचे आहे तो मोडीत लिहिलेला नाही, आणि कोणत्याही दप्तरखान्यात तो सापडावयाचा नाही. तो आकाशातून उतरतो. पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह आपल्या किनाऱ्याची चित्रे दर काही दिवसांनी टिपतात. त्या प्रत्येक चित्रावर वर्ष, महिना, दिवस, तास आणि मिनिट यांची नोंद असते. एवढे असूनही किनाऱ्याच्या दृष्टीने ते चित्र मितीहीनच होय. कारण त्या क्षणी समुद्र भरतीत होता की ओहोटीत, दिवस उधाणाचे होते की भांगाचे, हे त्या नोंदीत कोठेही नसते. ही उणीव भरून काढणारी गणिताची साधने अलीकडे तयार झाली असून त्यांतील काही कोणासही विनामूल्य व खुली आहेत. साधने नवी, पण प्रश्न फार जुना आहे. आणि त्याच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर लिहिली गेली आहेत. ती उलगडून पाहिली असता या नव्या साधनांचा उपयोग आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. संस्कृतात ‘वेला’ या शब्दाचा एक अर्थ काळ, आणि दुसरा समुद्राची मर्यादा, म्हणजे किनारा. भरतीच्या पाण्यासही तोच शब्द लावतात. आपण मराठीत त्यातील काळाचा अर्थ ‘वेळ’ या रूपाने ठेवला आणि किनाऱ्याचा अर्थ बहुतेक विसरलो. पण गोमंतकात समुद्रकाठच्या पुळणीस आजही ‘वेळ’ म्हणतात. एकाच शब्दात किनारा आणि काळ नांदावेत यात नवल वाटण्याचे कारण नाही. समुद्राकाठी राहणाऱ्या माणसास किनारा कोठे आहे असे विचारले, तर तो कोणत्या वेळी असे उलट विचारील. नकाशावर रेघ ओढून किनारा दाखवण्याची सवय जमिनीवरच्या माणसाची आहे.

भरतीचा चंद्राशी संबंध आहे ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. विष्णुपुराणात चंद्राच्या वृद्धिक्षयाबरोबर समुद्राचे पाणी चढते-उतरते असे सांगून त्या चढउताराचे मान ५१० अंगुळे दिले आहे. २४ अंगुळांचा हात आणि हात दीड फुटाचा धरला तर हे मान सुमारे ३२ फूट, म्हणजे पावणेदहा मीटर होते. मुंबईस उधाणाच्या दिवसांतील चढउतार सामान्यतः साडेतीन मीटरांच्या आसपास असतो, दक्षिणेस कोचीकडे तो एक मीटरही भरत नाही, आणि उत्तरेस खंबायतच्या आखातात भावनगरपाशी मात्र दहा मीटरांपर्यंत जातो. एवढ्यावरून पुराणकाराने खंबायतच्या किनाऱ्यावर उभे राहून माप घेतले असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. तथापि तो आकडा निव्वळ कल्पनेचा दिसत नाही, इतके म्हणण्यास हरकत नाही.

ज्यांना ही ओळख नव्हती त्यांची काय त्रेधा उडाली, तेही इतिहासात नमूद आहे. इ. स. पूर्व ३२५ मध्ये शिकंदराचे आरमार सिंधूच्या मुखाशी आले, तेव्हा भूमध्य समुद्राच्या नाममात्र भरतीची सवय असलेले ते लोक ओहोटीने नावा चिखलात बसलेल्या पाहून गांगरून गेले. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासवर्णनात नर्मदेच्या मुखाशी भडोचला येणाऱ्या भरतीच्या लोंढ्याचे भयचकित वर्णन करून, स्थानिक वाटाड्यांवाचून तेथे गलबते नेणे कसे दुर्घट आहे हे लिहून ठेवले. ते वाटाडे कोणत्या गणिताने चालत, हे त्याने लिहिले नाही.

आपल्या कोकणपट्टीत मात्र असे एक गणित पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आले आहे. शुद्ध अथवा वद्य पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. दिवसा आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जुन्या शाळेतील पाऊणकी ज्याला पाठ आहे त्यास याहून अधिक काही लागत नाही. या आडाख्याच्या पोटात खगोलशास्त्र दडलेले आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश सरकतो, आणि पृथ्वीस तेवढे फिरण्यास ४८ मिनिटे लागतात. म्हणून भरतीही रोज तितकी मागे पडते. आडाखा ४५ मिनिटे धरतो. तिथीमागे तीन मिनिटांची ही तूट पौर्णिमेपर्यंत साठत जाऊन पाऊण तासाची होते, आणि बाराच्या ठिकाणी उत्तर सव्वाअकरा येते. मचवा पाण्यात लोटणाऱ्या तांडेलास पाऊण तासाने बिघडत नाही. तो डोळ्यांनी पाणी पाहतोच आहे. पण नकाशा काढणारास बिघडते.

या ठिकाणी त्या काळच्या राजकारणाचाही विचार करावा. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी चालत गाठता येतो आणि भरतीत पाण्याने वेढला जातो. म्हणजे तो दिवसातून दोनदा जलदुर्ग आणि दोनदा भुईकोट असतो. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून आंग्र्यांच्या या ठाण्यावर स्वारी केली आणि ती फसली. ज्याच्या हाती भरतीची वेळ त्याच्या हाती किल्ल्याची वाट, हे आंग्र्यांच्या आरमारास सांगावे लागत नसे. मुंबईत याच शतकात उलटा उद्योग झाला. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी बेटांच्या मध्यभागी शिरे आणि तेथे दलदल करी. गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधाने ते अडवण्यात आले. ज्या भूमीवर नंतर चाळी, गिरण्या आणि रस्ते उभे राहिले, तिच्यातील पुष्कळ भाग पूर्वी दिवसातून दोनदा समुद्राचा असे. किनाऱ्याची रेघ कोठे ओढावयाची हा प्रश्न मुंबईस तेव्हापासून पैशाचा प्रश्न झाला आहे.

भरतीचे शास्त्र युरोपात न्यूटनच्या १६८७ मधील ग्रंथाने सुरू झाले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाप्लासने त्यास गतिशास्त्राचे रूप दिले. पण बंदरात उद्या पाणी किती वाजता किती चढेल, या व्यवहारी प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १८६७ नंतर विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांच्या पद्धतीने मिळाले. तिचे सूत्र असे. समुद्राचा चढउतार ही एक लाट नसून अनेक लहानमोठ्या नियमित लाटांची बेरीज आहे. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. याखेरीज चंद्र जवळ-दूर होतो, विषुववृत्ताच्या उत्तरेस-दक्षिणेस जातो, त्याच्या निराळ्या लाटा. चंद्र-सूर्यांच्या लाटा एकमेकींवर चढल्या की उधाण, एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग. प्रत्येक लाटेचा कालावधी आकाशावरून ठरतो. तिची उंची आणि तिचा विलंब मात्र ठिकाणोठिकाणी वेगळा असल्यामुळे प्रत्यक्ष मापूनच काढावा लागतो. एकदा हे दोन आकडे मिळाले की पुढच्या-मागच्या कोणत्याही क्षणाची भरती सांगता येते.

मोजण्याचे हे काम हिंदुस्थानात फार मोठ्या प्रमाणावर झाले. १८७३-७४ च्या सुमारास सर्व्हे खात्यातील कॅप्टन बेअर्ड यांनी कच्छच्या आखातात मापके बसवली. तेथील जमीन समुद्राच्या मानाने चढते की खचते हे त्यांना पाहावयाचे होते. १८७७ साली सरकारने देशातील प्रमुख बंदरांत नियमित नोंदी घेण्याचे ठरवले, आणि १८७८ पासून मुंबईच्या अपोलो बंदरावरील मापकाच्या नोंदी उपलब्ध आहेत. हिंदी महासागराच्या काठावरील इतक्या दीर्घ नोंदी थोड्याच. मापकाची रचना साधी असे. समुद्राशी नळाने जोडलेल्या विहिरीत एक तरंगता डबा. पाण्याबरोबर तो वरखाली होई आणि त्यास जोडलेली पेन्सिल घड्याळाने फिरणाऱ्या नळकांड्यावरील कागदावर रेघ काढी. एकाच कागदावर उंची आणि वेळ. हीच किनाऱ्याची खरी मिती. १८८३ च्या ऑगस्टात जावाजवळील क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा हजारो मैलांवरून आलेल्या लाटांची कंपने आपल्या बंदरांतील या रेघांवर उमटली आणि बेअर्ड यांनी त्यांचा वृत्तांत रॉयल सोसायटीकडे पाठवला.

ही आकडेमोड करण्यासाठी १८७९ साली इंडिया ऑफिसकरिता लंडनमध्ये एक यंत्र तयार झाले. एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली लेजे कंपनीने ते बनवले. आरंभी २० लाटांसाठी २० कप्प्या, त्या सर्वांवरून गेलेली एक तार, आणि तारेच्या टोकाशी बेरीज रेखाटणारी लेखणी. निरीक्षणे मुंबई, कारवार, मद्रास इत्यादि बंदरांत होत; भविष्याची रेघ लंडनमध्ये निघे; आणि ती छापील कोष्टकांच्या रूपाने पुन्हा येथे येई. तांडेलाच्या पाऊणकीपेक्षा ही कोष्टके कितीतरी अचूक होती यात शंका नाही. पण एक फरक झाला. आडाखा ज्याचा त्यास तपासता येत असे. कोष्टक केवळ मान्य करावयाचे असे.

या ठिकाणी एका पुणेकर विद्वानाचे स्मरण होते. नाना म्हणून ओळखले जाणारे केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२४ साली अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून पुढे ते पुण्यास अध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ १८६० सालचा. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसत नसेल, तर पंचांग सुधारले पाहिजे, आकाश नव्हे, हा त्यांचा आग्रह होता; आणि कोष्टके कशी करावयाची हे त्यांनी मराठीतच सर्वांसमोर मांडले. शास्त्र खुले करणे म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना आपल्याकडे क्वचितच सापडेल.

समुद्रापासून दूर असलेल्या पुण्याचा भरतीशी काय संबंध, असे कोणी विचारील. पुणे स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आपण पाहतो. ही ‘समुद्रसपाटी’ कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही. भरतीमापकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची ती सरासरी आहे. १९०९ साली देशातील उंचीमोजणीची जी पहिली सुसंगत आखणी झाली, तिचा पाया नऊ बंदरांतील अशा सरासरीवर घातला गेला आणि त्यांत अपोलो बंदर एक होते. शिवाय १९१६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे खडकवासल्यास स्थिरावलेल्या मध्यवर्ती जल आणि विद्युत संशोधन संस्थेत मुंबई बंदराची लहान प्रतिकृती करून तीत कृत्रिम भरती-ओहोटी आणण्याचे प्रयोग झाले आहेत. सह्याद्रीच्या अलीकडे, धरणाच्या पायथ्याशी, मुंबईचा समुद्र ठराविक वेळी चढे आणि उतरे.

आता आकाशाकडे वळू. १९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह सुटला. १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए. २००८ साली लँडसॅटची सारी जुनी चित्रे विनामूल्य खुली झाली, आणि २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह १० मीटरांपर्यंतचा तपशील दाखवणारी चित्रे देऊ लागले. किनाऱ्याचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास असा चित्रांतून हाती आला. पण येथेच फसगत होण्याचा संभव मोठा. समजा, एखाद्या खाजणाचा उतार शंभर मीटरांत एक मीटर आहे. एक चित्र भरतीतले, दहा वर्षांनंतरचे दुसरे त्याहून एक मीटर उतरलेल्या पाण्यातले. दोन्ही शेजारी ठेवली तर समुद्र शंभर मीटर मागे हटला असे दिसेल. प्रत्यक्षात काहीच झालेले नाही. फक्त दोन कागदांच्या मित्या निराळ्या आहेत.

यावर उपाय करण्यासाठी खुल्या समुद्रातील भरतीची प्रतिमाने लागतात. १९९२ साली सुटलेल्या टोपेक्स-पोसायडन या अमेरिकी-फ्रेंच उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठाची उंची आकाशातून मोजण्यास प्रारंभ केला. त्याची कक्षा मुद्दाम अशी निवडली होती की, एका जागेवरून तो दर वेळी त्याच घड्याळी वेळेस जाऊ नये. नाहीतर सूर्याची बारा तासांची लाट त्यास कायम एकाच स्थितीत दिसली असती. २०१३ साली सुटलेला भारत-फ्रान्स यांचा सरल उपग्रहही याच उंचीमोजणीच्या कामाचा. अशा मापांवरून फ्रान्स, अमेरिका व जर्मनी येथील संशोधकांनी जगभराच्या भरतीची प्रतिमाने रचली. टॉमसनच्या लाटा त्याच. फक्त त्यांचे आकडे आता एका बंदरापुरते नसून सर्व समुद्रासाठी दिलेले.

प्रतिमान आणि चित्र यांची गाठ घालून देणारे एक साधन ऑस्ट्रेलियाच्या सरकारी भूविज्ञान संस्थेतील संशोधकांनी ‘इओ-टाइड्स’ या नावाने तयार केले असून त्याविषयीचा निबंध २०२५ साली प्रसिद्ध झाला. ते पायथॉन या संगणकीय भाषेत लिहिलेले आहे. ज्याची संहिता कोणासही वाचता, तपासता, बदलता आणि वापरता येते अशास मुक्तस्रोत म्हणतात. हे साधन त्या प्रकारचे आहे. उपग्रहाच्या प्रत्येक चित्रासाठी ते त्या स्थळीची, त्या मिनिटाची भरतीची उंची काढून चित्रावर नोंदवते. मग चित्रे तारखेप्रमाणे लावण्याऐवजी पाण्याच्या उंचीप्रमाणे लावता येतात. समान उंचीची चित्रेच एकमेकांशी ताडता येतात. ऑस्ट्रेलियात याच विचाराने १९८८ पासूनच्या प्रत्येक वर्षाची सरासरी समुद्रपातळीची किनारेषा देशभर काढण्यात आली आहे. अनेक प्रतिमानांची तुलना, आणि बंदरांतील प्रत्यक्ष मापांशी त्यांचा पडताळा, यांचीही सोय या साधनात आहे. प्रतिमाने मात्र वापरणाऱ्याने स्वतः मिळवावयाची असतात, आणि त्यांतील काहींस परवानगी व अटी आहेत. म्हणजे खुलेपणा अद्याप पूर्ण नाही.

पण आमच्या मते या साधनाचा सर्वात मोठा गुण वेगळाच आहे. उपलब्ध चित्रांनी भरती-ओहोटीचा किती भाग पाहिला आणि किती पाहिलाच नाही, हे ते सांगते. या गुणाचे महत्त्व मुंबईच्या किनाऱ्यावर तांडेलाच्या पाऊणकीनेच समजून घेता येते. सेंटिनेल-२ हा सूर्याशी गती जुळवून फिरतो. स्थानिक सौर वेळेच्या साडेदहाच्या सुमारास, म्हणजे आपल्या घड्याळाने अकरा वाजून गेल्यावर, तो मुंबईवरून जातो. पावसाळा असो वा हिवाळा. आता पौर्णिमेस आणि अमावास्येस मुंबईस पूर्ण भरती बाराच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवसांत हा उपग्रह पाणी चढलेलेच पाहणार. त्यास ओहोटी केव्हा दिसेल? अकरा वाजता ओहोटी असावयाची तर भरती पहाटे पाच वाजता हवी. पाऊणकी उलटी चालवली तर ही तिथी षष्ठी-सप्तमी येते, आणि ते दिवस भांगाचे, ओहोटी अगदी बेताची. अमावास्येची खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. ती या उपग्रहास जवळजवळ कधीच दिसत नाही. दहा वर्षे त्याने चित्रे घेतली, आणखी दहा घेईल. संख्या वाढेल, पण तो भाग अदृश्यच राहील.

तो भाग कोणाचा आहे? उधाणाच्या ओहोटीत उघडी पडणारी चिखलाची व खडकांची पट्टी रिकामी नसते. कोकणातील किनाऱ्यावरच्या कितीतरी बायका त्या दोन तासांत तिसऱ्या आणि कालवे वेचतात. कोळ्यांचे डोल जाळे भरतीच्या ओढीवरच भरते. त्यांच्या कामाचे वेळापत्रक घड्याळाचे नसून तिथीचे असते. कायद्याच्या दृष्टीनेही ही पट्टी महत्त्वाची आहे. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी भारत सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. २०११ आणि २०१९ साली तिची नवी रूपे आली. तिन्हींचा आधार उधाणाच्या भरतीची रेषा हा आहे. त्या रेषेपासून जमिनीवरील अंतरे मोजून कोठे काय बांधता येईल हे ठरते, आणि भरतीरेषा व ओहोटीरेषा यांच्यामधली भूमी विशेष संरक्षणास पात्र मानली जाते. अशा स्थितीत कोणी अकरा वाजताच्या चित्रांवरून ओहोटीरेषा काढली, तर तांडेल व कालवे वेचणाऱ्या बायका ज्या भूमीस नावानिशी ओळखतात, ती नकाशात समुद्र ठरेल. खोटे कोणी बोलले नसेल. साक्षीदार फक्त नेहमी एकाच वेळी हजर होता.

या दोषास उपायही आकाशातच आहेत. सेंटिनेल-१ या २०१४ पासूनच्या रडार उपग्रहांची आणि ३० जुलै २०२५ रोजी सुटलेल्या भारत-अमेरिकेच्या निसारची फेरी स्थानिक वेळेने सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास होते; २०१२ साली सुटलेल्या आपल्या रिसॅट-१ची फेरीही, तो चालू असताना, त्याच सुमारास होत असे. मुंबईच्या उधाणाची खोल ओहोटी नेमकी त्याच सुमारास! ओला चिखल आणि शांत पाणी यांत रडारने भेद करणे सोपे नाही, हे खरे. तरी साक्षीदार बदलून पाहिला पाहिजे. कोणत्या किनाऱ्यास कोणता उपग्रह योग्य, हे त्या किनाऱ्याच्या भरतीच्या वेळेवर अवलंबून आहे, आणि भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. मुंबईचा नियम मालवणास किंवा भावनगरास तसाच लावता येणार नाही.

दुसरी मर्यादा खाड्यांची. जगाच्या समुद्रासाठी केलेली प्रतिमाने खुल्या पाण्यात चांगली उतरतात. पण ठाणे, वसई, धरमतर यांसारख्या अरुंद, उथळ आणि वळणावळणाच्या खाड्यांत ती कमी पडतात. तेथे भरती उशिरा पोहोचते, तिचे रूप बदलते, पावसाळ्यात नदीचे पाणी तिच्यात मिसळते. तेथे १८७८ चाच मार्ग: विहीर, तरंगता डबा आणि घड्याळ, किंवा निदान खुणा केलेला एक खांब आणि तो नेमाने वाचणारा माणूस. साधन खुले आहे याचा अर्थ ते आपोआप सत्य सांगते असा नाही. त्याची संहिता तपासता येते, तशी त्याची उत्तरेही आपल्या घाटावर तपासावी लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

हे काम कोकणातील महाविद्यालयांनी अंगावर घेण्यासारखे आहे. रत्नागिरी, अलिबाग, मालवण येथील विद्यार्थ्यांस संगणक परका नाही, आणि त्यांच्यातील अनेकांच्या घरी तिथीवरून भरती सांगणारे वडीलधारे आहेत. खाडीत एक खांब रोवून वर्षभर त्याच्या नोंदी घ्याव्या. प्रतिमान काय म्हणते, पाऊणकी काय म्हणते आणि पाणी काय म्हणते, हे एका कागदावर मांडावे. आणि ती कोष्टके छत्र्यांप्रमाणे मराठीत सर्वांसमोर ठेवावी. उद्या किनाऱ्याच्या सुनावणीत कोणी चित्र पुढे केले, तर गावातल्या माणसास त्याची मिती विचारता आली पाहिजे: हे पाणी कोणत्या तिथीचे, किती वाजताचे, आणि पहाटेचे चित्र कोठे आहे? असा प्रश्न विचारणारा माणूस गावात असेल, तर अकरा वाजताच्या चित्रावर काढलेली रेघ त्याच्या भूमीवर निमूटपणे उमटणार नाही.